वाढपी परत येत नाही

माझी डॉक्टरेट फेसावर आहे. पाइपमधून जाणारा फेस कुठे टिकतो, कुठे फुटतो आणि का, एवढाच तो विषय. करमाळ्यातल्या शिलाईच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना हे समजावून समजावून वडील थकले आणि शेवटी "पोरगं साबणाच्या कंपनीत मोठा साहेब होणार" असं सांगून मोकळे झाले. साबण नव्हता, बीअर होती. ते मी वडिलांना बऱ्याच उशिरा सांगितलं आणि त्यांनी गिऱ्हाइकांना कधीच सांगितलं नाही.

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. कायझर्सलाउटर्नच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत आमचे प्रोफेसर फेसावर काम करत आणि त्यांना फेसाचा सर्वांत चांगला नमुना बेल्जियममध्ये मिळतो असं वाटे. म्हणून वर्षातून एकदोनदा आमची सगळी टीम इन्स्टिट्यूटच्या नऊ सीटर गाडीत बसून लक्झेंबर्गमार्गे तिकडच्या ब्रुअऱ्या बघायला जायची. काम असायचं, नाही असं नाही. मोजमापं घ्यायची, बाटल्यांमधला दाब तपासायचा, ब्रुअरशी बोलायचं. पण दुपार झाली की सगळे ब्रुअरीला लागून असलेल्या कॅफेत येऊन बसत. तिथे त्याच ब्रुअरीची बीअर चाखायला देतात आणि खरी बोलणी तिथेच होतात, हे मला पुढे कळलं.

माझी पहिली फेरी ब्रसेल्सच्या पश्चिमेकडच्या एका छोट्या ब्रुअरीत होती. पोटमाळ्यावर तांब्याचं एक पसरट, उथळ भांडं होतं, आमच्याकडे गुऱ्हाळात काहील असते तसंच, फक्त कितीतरी मोठं. त्यात बीअरसाठी उकळलेला धान्याचा रस रात्रभर उघडा ठेवतात, खिडक्या उघड्या टाकतात आणि हवेत असेल ते यीस्ट त्यात आपोआप पडतं. तुळयांवर कोळ्यांची जाळी लोंबत होती. ती कुणी काढत नाही. कोळी माश्या खातात म्हणून त्यांना तिथे मान आहे. खाली तळघरात लाकडी पिंपं होती आणि भिंतीपाशी आडव्या ठेवलेल्या बाटल्यांच्या थप्प्या. आंबूस, ओलसर, जुन्या गोणपाटासारखा वास. मला ती जागा फार आवडली. जर्मनीत आल्यापासून पहिल्यांदाच असं काही दिसलं होतं जे चकचकीत नव्हतं आणि तरीही त्याबद्दल लोक आदराने बोलत होते.

मग कॅफेत आलो. लांब लाकडी टेबल, बशीत चीजचे चौकोनी तुकडे, बाजूला मोहरीची चटणी. ब्रुअरची म्हातारी आई काउंटरमागे उभी. प्रत्येक बीअरचा ग्लास वेगळा. ती ग्लास पाण्याने विसळायची, तिरपा धरून भरायची आणि वर आलेला फेस एका सपाट सुरीने कापून टाकायची. मी त्या सुरीकडे बघतच राहिलो. ज्याच्यावर मी पुढची वर्षं घालवणार होतो ते ती एका फटक्यात बाजूला काढत होती.

तिने माझ्यासमोर ग्लास आणला आणि भुवया उंचावल्या.

"नो, थँक यू," मी म्हणालो.

तिने मान हलवली, ग्लास माझ्या शेजाऱ्याला दिला आणि पुढे गेली. मला पाण्याची बाटली मिळाली.

खरं म्हणजे मला ती बीअर चाखायची होती. मी काही व्रत घेतलं नव्हतं. घरी दारूबद्दल चांगलं बोलत नसत, पण माझा विषयच हा म्हटल्यावर एक घोट घ्यायचा, असं मी येताना गाडीतच ठरवलं होतं. मी फक्त पहिल्यांदा नको म्हणालो होतो.

तो शेजारी म्हणजे आमच्याच इन्स्टिट्यूटमधला माझा मित्र. पुण्याचा, आईवडील दोघेही कॉलेजात शिकवणारे, माझ्या आधी सहा महिने आलेला. माझा चेहरा बघून तो हसायला लागला.

"अरे, तुला हवी होती ना?"

"नाही रे."

"हवी होती. थोबाडावर लिहिलंय. राजा, ही काय लग्नाची पंगत आहे का? इथे वाढपी परत येत नाही. पहिल्यांदाच ताट पुढे करायचं."

मग त्याने जर्मनांना तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये समजावून सांगितलं की आमच्याकडे माणूस तीनदा नको म्हणतो आणि मग पोटभर जेवतो. सगळे हसले. प्रोफेसरही हसले. मीही हसलो. तरी ग्लास काही कुणी पुढे केला नाही. मला तेव्हा त्याचा राग आला नव्हता. उलट परक्या देशात आपलं मन न सांगता ओळखणारं कुणीतरी आहे, याचं बरं वाटलं होतं.

हे नको म्हणणं कुठून आलं ते सांगायला हवं. आम्ही ज्यांच्याकडे जात असू ती घरं आमच्यापेक्षा बरी असत. वडील कपडे पोचवायला जात, कधी मला बरोबर नेत. आतून चिवड्याची बशी यायची. निघण्यापूर्वी आईने बजावलेलं असे, "कुणी काय दिलं तर आधी नको म्हणायचं. हावऱ्यासारखं करायचं नाही." ज्याच्या घरी आहे त्याने पटकन हात पुढे केला तर त्याला मोकळा स्वभाव म्हणतात. आमच्यासारख्याने केला तर भुकेलेला म्हणतात. म्हणून नको म्हणायचं. मग ती बाई म्हणायची, "घे रे बाळा." पुन्हा नको. "अरे, घे, लाजतोस काय!" तेव्हा वडिलांकडे बघायचं, ते डोळ्यांनी हो म्हणायचे, आणि मग बशी घ्यायची. हा आमचा अभिमान होता. दुसरा परवडणारा नव्हता.

आणि जगही तसंच वागत आलं होतं, हे महत्त्वाचं. दहावीनंतर हेडमास्तर घरी आले आणि म्हणाले, याला सायन्सला घाला. वडील म्हणाले, नको, दुकानात बसेल. सर दुसऱ्या दिवशी परत आले. आठवड्याने पुन्हा आले, शिलाई मशिनच्या शेजारच्या स्टुलावर बसून राहिले आणि वडील हो म्हणेपर्यंत उठले नाहीत. इंजिनिअरिंगच्या वेळी कॉलेजातल्या एका मॅडमनी तेच केलं. जर्मनीचा अर्ज भरायलाही मी नकोच म्हणालो होतो. माझं सगळं शिक्षण असं दुसऱ्यांच्या आग्रहातून झालं. त्या माणसांचे उपकार मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पण त्यांनी मला एक गोष्ट चुकीची शिकवली. चांगली माणसं परत येतात, असं मी धरून चाललो.

पहिल्या फेरीचा निकाल असा लागला की मी पीत नाही हे सर्वांनी ठरवून टाकलं. आणि पीत नाही तर गाडी कोण चालवणार? मीच. इन्स्टिट्यूटच्या सोयीसाठी मी जर्मन लायसन्सही काढलं. पुढे दरवेळी मी गाडी चालवत गेलो आणि चालवत आलो. आर्डेनच्या जंगलातल्या मठाशेजारच्या ब्रुअऱ्या, फ्लांडर्समधल्या सपाट शेतांतल्या, आंबट लाल बीअरच्या, काळ्या दाट बीअरच्या. मी प्रत्येकीच्या फेसाचे आकडे सांगू शकत होतो. रिकाम्या होत जाणाऱ्या ग्लासाच्या आत फेसाची कडी उरते, घोटागणिक एक. त्या कड्यांच्या जाडीवर माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण आहे. चवीबद्दल मात्र मी दुसऱ्यांचं ऐकून लिहिलं.

परत येताना मागे सगळे झोपलेले असत. मित्र पुढे माझ्याशेजारी बसायचा, जागा राहायचा, मराठी गाणी म्हणायचा, मला चीजचे तुकडे भरवायचा. "ड्रायव्हरसाहेब, करमाळा आलं की उठवा!" असल्या त्याच्या गमती. मी हसायचो. तो मित्र होता, हे मला आजही नाकारता येत नाही.

माझं लिखाण संपत आलं त्या वर्षी वसंतात आम्ही पुन्हा त्याच पहिल्या ब्रुअरीत गेलो. त्या ब्रुअरीसह आणखी काही ब्रुअऱ्या मिळून आमच्या इन्स्टिट्यूटला एक नवा प्रोजेक्ट देणार होत्या. त्यावर डॉक्टरेट झालेल्या एका माणसासाठी तीन वर्षांची श्टेलं, म्हणजे पगारी जागा, निघणार होती. प्रोजेक्ट माझ्याच प्रबंधातून निघाला होता. ती जागा मिळाली असती तर मी संशोधनात राहिलो असतो, पुढे कुठेतरी शिकवायला लागलो असतो. मला प्राध्यापक व्हायचं होतं. हेडमास्तर मशिनशेजारच्या स्टुलावर बसले होते तेव्हापासून मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

दुपारी कॅफेत प्रोफेसर माझ्यासमोर येऊन बसले. त्यांच्या ग्लासात अर्धी बीअर होती, माझ्यापुढे पाणी. त्यांनी सरळ विचारलं, "ती जागा तुम्हाला हवी आहे का? मला वाटतं, तुम्हीच ती घ्यावी."

मी टेबलाची कड धरली. तुम्ही म्हणाल, आता तरी हो म्हणायचं. बीअरचं एक वेळ ठीक होतं. पण माझ्या हिशेबी गोष्ट जेवढी मोठी, तेवढं नको म्हणणं जास्त गरजेचं. चिवड्याला दोनदा, तर याला किती वेळा? आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या मोठ्या माणसाने मला इतकं मोठं काही देऊ केलं होतं आणि मी हावऱ्यासारखा हात पुढे करणार?

मी म्हणालो, "हेर प्रोफेसर, तुमचे आभार कसे मानू. पण मला नाही वाटत माझी तेवढी पात्रता आहे. माझ्यापेक्षा योग्य माणसं आहेत. नको."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "शाडे." म्हणजे, वाईट वाटलं. "पण तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत. मी त्याचा मान ठेवतो." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, ग्लास उचलला आणि ब्रुअरशी बोलायला गेले.

मी वाट बघत बसलो. ते परत येतील, म्हणतील, अहो असं काय करता. मी दुसऱ्या वेळी म्हणेन, तुम्हाला खरंच वाटतं का? आणि तिसऱ्या वेळी हो. वाक्यं जर्मनमध्ये तयार करून ठेवली होती. परतीच्या वाटेवर आरशात मागे बघत होतो. प्रोफेसर मान टाकून झोपले होते. मित्र नेहमीसारखा शेजारी होता. मी त्याला सगळं सांगितलं, शब्द न् शब्द. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बघू काय करतात," आणि रेडिओ लावला.

रविवारी घरी फोन केला. अशी जागा निघणार आहे हे वडिलांना आधीच सांगून ठेवलं होतं. वडील फोनवर नेहमी ओरडून बोलत.

"इचारलं का त्यांनी?"

"विचारलं."

"मग? तू काय म्हणलास?"

"नको म्हणालो."

"बरोबर," वडील म्हणाले. समाधानाने म्हणाले. "मग आता परत कधी इचारनार हायेत?"

"या आठवड्यात विचारतील," मी म्हणालो.

त्या आठवड्यात मेन्झात, म्हणजे आमच्या कँटीनमध्ये, मी ट्रे घेऊन रांगेत उभा होतो. मित्र मागून आला आणि माझ्यामागे उभा राहिला.

"सरांनी मला विचारलंय. त्या जागेचं."

मी मागे वळलो नाही. समोर बटाट्याचं सूप होतं.

"तू नको म्हणालास म्हणे," तो म्हणाला. "तुला नकोय ना नक्की? नंतर बोलू नकोस."

"नाही रे. घे की तू."

"बघ हं."

"अरे घे."

तेव्हा मी वळून त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तो हसेल, म्हणेल, गाढवा, ही पंगत आहे का? आणि मला ओढत प्रोफेसरांच्या खोलीत घेऊन जाईल. तो माझ्या डोळ्यांत बघत होता. त्याला दिसलं. मी आजही सांगतो, त्याला दिसलं. मग त्याने माझ्या ट्रेमध्ये एक पाव ठेवला आणि म्हणाला, "ठीक आहे मग. थँक्स यार."

दोन दिवसांनी मी सगळा धीर गोळा करून प्रोफेसरांकडे गेलो. मला जागा हवी आहे म्हणालो. पहिल्यांदाच आयुष्यात कुणाकडे काही मागितलं. त्यांचा चेहरा खरंच दुःखी झाला. "पण मी तुम्हाला विचारलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही नाही म्हणालात. आता मी तुमच्या मित्राला शब्द दिला आहे. आणि तो म्हणाला, तो तुमच्याशी बोलून आला आहे."

त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. ज्या देशात हो म्हणजे हो आणि नको म्हणजे नको असतं तिथे ते वाढले होते. वडिलांचंही चुकलं नाही. पण मधे एक माणूस होता ज्याला दोन्हीकडचं कळत होतं.

डॉक्टरेट चांगल्या श्रेणीत झाली. मला रेगेन्सबर्गमध्ये नोकरी मिळाली, तिथल्या गाड्यांच्या कारखान्याला माणसं पुरवणाऱ्या एका कंपनीत. गाडीच्या दारांत आवाज अडवायला फेस भरतात. तो नीट भरला की नाही हे बघायचं. काम बरं आहे, माणसं बरी आहेत. या नोकरीवर बहिणीचं शिक्षण झालं, वडिलांच्या दुकानावरचे पत्रे जाऊन स्लॅब आला. तक्रार करायला जागा नाही, असं मी स्वतःला सांगतो, आणि ते खरंही आहे. वडील मात्र अजून विचारतात, "त्या पहिल्या साहेबांनी परत इचारलं न्हाई का?" मी म्हणतो, ते रिटायर झाले.

ते खरोखरच रिटायर झाले, त्या दशकाच्या अखेरीस. मित्राचा प्रोजेक्ट तोवर वाढला होता, त्याच्या हाताखाली डॉक्टरेट करणारी मुलं होती, आणि कुठल्यातरी तांत्रिक विद्यापीठात प्राध्यापक म्हणून त्याची निवड झाल्याचं मला कळलं. तिकडे रुजू होण्याआधी निरोपाची फेरी म्हणून तो सगळ्यांना घेऊन बेल्जियमला निघाला. मला फोन केला. मी नको म्हणालो. त्याने पुन्हा केला. "तुझ्याशिवाय काय मजा? तूच तर आमचा ड्रायव्हर. पण या वेळी गाडी चालवायची नाही, दुसरा ठेवलाय. येच तू." त्याने आणखी एकदा फोन केला तेव्हा मी हो म्हणालो.

कॅफे तसाच होता. लांब टेबल, चीजचे तुकडे. म्हातारी अजून काउंटरमागे होती, आता स्टुलावर बसून फेस कापत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि न विचारताच पाण्याची बाटली काढली. मित्र उठला, तिच्या हातातून ती घेतली, परत ठेवली आणि भरलेला ग्लास घेऊन माझ्यापुढे आला.

"घे."

"नको रे."

"नको काय? घे म्हणतो ना!"

"खरंच नको."

"हे बघ, मी आता हात जोडायचे का तुला? आज माझा दिवस आहे. गळ्याची शपथ. एक घोट घे, माझ्यासाठी." त्याने माझा हात धरला, ग्लास बोटांत बसवला, वरून स्वतःचा हात ठेवला आणि सोडेना. लग्नात जिलबी वाढताना विहीणबाई जसं करतात अगदी तसं. त्याच्या हाताखालची मुलं टाळ्या वाजवायला लागली. कुणीतरी फोटो काढला.

मी त्याच्या हाताकडे बघत होतो. म्हणजे आग्रह त्याला येत होता. अगदी घरच्यासारखा येत होता.

मी प्यायलो. आंबट होती, आणि मग जिभेच्या मागे बराच वेळ राहणारी एक कोरडी चव. एवढी वर्षं जिचा फेस मोजला ती ही.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

"चांगली आहे."

"मग इतकी वर्षं नको नको का करत होतास?"

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

टाळ्यांच्या आवाजातही त्याला ते ऐकू गेलं. त्याचं हसू तसंच राहिलं, डोळे मात्र टेबलावर गेले. शेजारच्या जर्मन मुलीने त्याला विचारलं, "काय म्हणाला तो?"

"त्याला आवडली म्हणतोय," मित्राने सांगितलं.

मी उरलेली बीअर संपवली. तो दुसऱ्या टोकाला जाऊन बसला होता आणि तिथे भाषणं सुरू झाली होती. ग्लासात फेसाच्या दोन कड्या उरल्या होत्या. म्हातारी हळूहळू चालत आली, ग्लासाकडे बोट दाखवून तिने भुवया उंचावल्या. आणखी?

मी नको म्हणालो. तिने ग्लास उचलला आणि गेली. या वेळी मला खरंच नको होती.